मनगटी घड्याळ : किंमत आणि मोल

मुलाची मुंज, मुलीचा दहावीचा निकाल, जांवयाचा पहिला दिवाळसण आणि घरांतील कर्त्या पुरुषाची अगर स्त्रीची सेवानिवृत्ति, या चार प्रसंगीं आपल्या घरांतून घड्याळाचा विषय निघतोच. प्रत्येकाच्या खिशांत आतां मोबाइल असून त्यांत सेकंदापर्यंत बिनचूक वेळ दिसते हें खरें. परंतु मनगटाकडे नुसती दृष्टि टाकून वेळ पाहणें निराळें, आणि खिशांतून तें यंत्र काढून, त्यावर आलेले चार निरोप वाचून, शेवटीं वेळ पाहण्याचेंच विसरून जाणें निराळें. यामुळें घड्याळाची गरज संपली असें मी तरी मानीत नाहीं. मात्र तें घेण्याची आपली रीत सुधारण्याजोगी आहे.

दुकानांत पाऊल टाकतांच "कितीपर्यंतचें दाखवूं?" असा प्रश्न येतो आणि बहुतेक गृहस्थ एक आंकडा सांगून मोकळे होतात. वस्तुतः प्रश्न आपण विचारावयाचा असतो. हें घड्याळ किती वर्षें चालेल, दर वर्षीं तें किती खर्चास घालील, आणि बिघडलें तर आपल्या गांवांत तें उघडणारा कोणी आहे काय? किंमत एकदां मोजली कीं संपते. मोल मात्र पुढें दहा-बारा वर्षें ठरत राहतें. या दोहोंची गांठ कोठें पडते आणि कोठें पडत नाहीं, हें समजण्यासाठीं घड्याळाच्या पोटांत काय चालतें तें थोडेंसें पाहणें अवश्य आहे.

घड्याळ हा शब्द घटिकेच्याच कुळांतला. आपल्या पूर्वजांनीं अहोरात्राच्या साठ घटिका केल्या, घटिकेचीं साठ पळें आणि पळाचीं साठ विपळें केलीं. म्हणजे घटिका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचें, आणि विपळ अर्ध्या सेकंदाहूनहि लहान. लग्नघरीं घंगाळांतील पाण्यावर तळाशीं बारीक भोंक असलेलें घटिकापात्र तरंगत ठेवीत, आणि तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली असें समजत. कालमापनाचें सारें मर्म त्या भोंकांत आहे. एखादी क्रिया जितकी एकसारखी घडेल तितकें मापन खरें. पाणी गळणें, लंबक हलणें, चक्र झुलणें, हे सर्व त्या एकाच तत्त्वाचे अवतार होत.

किल्लीच्या घड्याळांत बॅलन्स नांवाचें एक चिमुकलें चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधारें मागें-पुढें झुलत असतें. साध्या घड्याळांत त्याचे तासाला 18,000 झोके होतात. सेकंदाला पांच, दिवसाला 4,32,000. इतक्या झोक्यांत उष्णतेनें, तेल घट्ट झाल्यामुळें, घड्याळ उताणें कीं उभें ठेवलें त्यावरून, थोडा फरक पडणारच. चांगल्या स्थितींतलें साधें किल्लीचें घड्याळ दिवसाला वीस सेकंद मागें-पुढें झालें तर त्यास दोष देऊं नये. दिवसाचे 86,400 सेकंद; त्यांत वीस म्हणजे 4,320 मध्यें एक. माझ्या वर्गांत इतकी कमी चूक करणारा विद्यार्थी मला एकहि भेटला नाहीं. तथापि महिन्याच्या अखेरीस हींच वीस सेकंदें दहा मिनिटें होतात आणि गाडी चुकते.

याच्या उलट स्फटिकाचें, म्हणजे ज्यास सर्वत्र क्वार्ट्झ म्हणतात तें, घड्याळ. स्फटिकावर दाब दिला असतां त्यांत वीज उत्पन्न होते, ही गोष्ट जाक आणि प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंनीं 1880 सालीं दाखविली. उलट बाजूनें, वीज दिली कीं स्फटिक थरारतो, आणि तो थरार अत्यंत एकसारखा असतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 1927 सालीं याच गुणावर चालणारें पहिलें घड्याळ झालें. तें मनगटावर बांधण्याजोगें होण्यास आणखी बेचाळीस वर्षें लागलीं. 25 डिसेंबर 1969 रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें 'ॲस्ट्रॉन' नांवाचें घड्याळ विक्रीस आणलें. त्याची किंमत साडेचार लाख येन होती. हल्लींच्या क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिकाचा तुकडा सेकंदाला बहुधा 32,768 वेळां थरारतो. ही संख्या वाचकांस विचित्र वाटेल, परंतु ती पंधरा वेळां निम्मी करून पाहावी. शेवटीं नेमका एक उरतो. तोच सेकंदकांट्याचा एक ठोका. अशा घड्याळांत महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडला तरी पुष्कळ.

या शोधानें स्वित्झर्लंडसारख्या देशाचें काय झालें पाहा. 1970 च्या सुमारास तेथें घड्याळांच्या धंद्यांत सुमारें 90,000 लोक होते. पुढील पंधरा वर्षांत ते 30,000 च्या आसपास आले. कारण उघड होतें. अचूकपणा, ज्यासाठीं लोक पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजीत होते, तो एकाएकीं स्वस्त झाला. तेथील अधिकृत परीक्षेंत उतरलेल्या किल्लीच्या उत्तम घड्याळासहि दिवसाला सरासरी सहा सेकंद पुढें जाण्याची मुभा असते. आपल्या बाजारपेठेंतलें हजार-दीड हजार रुपयांचें प्रामाणिक क्वार्ट्झ घड्याळ त्याहून पुष्कळ बरोबर चालतें. तेव्हां एक गोष्ट प्रथमच मनांत पक्की करावी, कीं अमुक एका मर्यादेपलीकडे आपण जे पैसे देतों ते वेळेसाठीं देत नाहीं. ते धातूसाठीं, कांचेसाठीं, कारागिरीसाठीं, आणि सर्वांत अधिक तबकडीवरील नांवासाठीं देतों.

आपल्याकडील गोष्टहि याच वळणानें गेली. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें 1961 सालीं मनगटी घड्याळें काढलीं. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' हीं नांवें ज्यांच्या घरांत कधींच उच्चारलीं गेलीं नाहींत असें कुटुंब आपल्या वाचकांत क्वचित् असेल. पुढें 1984 सालीं टाटा आणि तमिळनाडु सरकारचें औद्योगिक मंडळ यांनीं मिळून टायटन कंपनी स्थापिली व होसूर येथें कारखाना उभारून क्वार्ट्झवर भर दिला. एच्. एम्. टी. घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें जानेवारी 2016 मध्यें घेतला. माझ्या हातावरील 'जनता' 1982 सालचें आहे आणि अजून चालतें, म्हणून मला त्या घराण्याविषयीं ममता आहे. परंतु ममता ही हिशेबांत धरतां येत नाहीं.

हिशेब असा. समजा, 1,800 रुपयांचें क्वार्ट्झ घड्याळ घेतलें आणि बारा वर्षें वापरलें. दर दोन वर्षांनीं सेल बदलावा लागतो. 150 रुपयांप्रमाणें पांच वेळां 750 झाले. चामड्याचा पट्टाहि आपल्या घामानें दोन वर्षांपलीकडे तग धरीत नाहीं. 350 रुपयांप्रमाणें पांच पट्ट्यांचे 1,750 झाले. एकूण 4,300, म्हणजे वर्षाला 360 रुपयांच्या आंत. रोजचा रुपयाहि पडत नाहीं. यांत लक्ष देण्यासारखी गोष्ट ही, कीं पट्ट्यांचा खर्च घड्याळाच्या मूळ किंमतीशीं येऊन भिडला! म्हणून ज्याचा पट्टा 18 किंवा 20 मिलिमीटर अशा सर्वत्र मिळणाऱ्या रुंदीचा आहे तेंच घड्याळ घ्यावें. कांहीं कंपन्या पट्टा बसविण्याची खांच मुद्दाम विचित्र आकाराची करतात. मग पट्टा त्यांच्याकडूनच, त्यांच्या भावानें घ्यावा लागतो. पोलादी पट्टा महाग खरा, पण बहुधा घड्याळाइतकाच टिकतो.

आतां पदपथावरील 400 रुपयांचें घड्याळ. तें वर्षभर चाललें तर बारा वर्षांत तशीं बारा घ्यावीं लागतील, म्हणजे 4,800 रुपये. आणि तीं नेमकीं परीक्षेच्या दिवशीं बंद पडतील तो त्रास वेगळा. उलट टोंकाला 12,000 रुपयांचें ऑटोमॅटिक घ्या. त्याचें पांच वर्षांनीं एकदां तेलपाणी व सफाई करावी लागते. तिला 1,800 रुपये धरल्यास बारा वर्षांत 15,600, म्हणजे वर्षाला 1,300. तें तीस वर्षें वापरलें तरी पांच सफाया धरून 21,000, म्हणजे वर्षाला 700, पट्टे निराळेच. आंकडे गांवोगांव थोडे बदलतील, पण क्रम बदलणार नाहीं. किल्लीचें घड्याळ ही हौस आहे. सुंदर, सुसंस्कृत हौस आहे. पण तीस काटकसर म्हणूं नये. "पिढ्यान्‌पिढ्या टिकतें म्हणून स्वस्त" हें विक्रेत्याचें वाक्य या गणितापुढें टिकत नाहीं.

शुद्ध हिशेबानें पाहिलें तर सर्वांवर ताण करणारें घड्याळ म्हणजे कॅसिओचें 'एफ-91डब्ल्यू' हें 1989 सालीं निघालेलें आंकड्यांचें घड्याळ. सेल सुमारें सात वर्षें पुरतो, वजन नाममात्र, आणि महिन्याला तीस सेकंदांच्या आंत फरक. कॉलेजांत जाणाऱ्या मुलास यापरतें दुसरें नको. पण आजोबांस त्याचे बारीक आंकडे दिसत नाहींत, आणि पैठणीवर तें शोभत नाहीं हें घरांतील भगिनी मला सांगतीलच. तें मला मान्य आहे. मोबाइलचीं कामें करणाऱ्या नव्या 'स्मार्ट' घड्याळांविषयीं एवढेंच म्हणतों, कीं ज्यास वैद्यानें हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्यास सांगितलें आहे त्यानें त्याचा विचार अवश्य करावा. परंतु आंतली बॅटरी थकली कीं त्याचें आयुष्य संपत येतें, म्हणून घड्याळ या नात्यानें तें टिकाऊ वस्तूंत मोडत नाहीं.

आतां पैसे कोठें वायां जातात तें पाहूं. पहिली जागा म्हणजे नांव. कपडे, अत्तरें व चामड्याच्या पिशव्या विकणाऱ्या पुष्कळ परदेशी नांवांचीं घड्याळें आठ-दहा हजारांस मिळतात. त्यांतील अनेकांच्या पोटांत सिटिझनच्या 'मियोटा' जातीचें अगर तत्सम साधें क्वार्ट्झ यंत्र असतें, आणि तेंच दीड हजारांच्या घड्याळांतहि असतें. या यंत्राची निंदा मी करीत नाहीं. उलट, तें बिघडलें तर घड्याळजी संपूर्ण यंत्रच थोडक्या पैशांत बदलून देतो, हा मोठा गुण आहे. पण मग वरचे सहा-सात हजार कशाचे, हें विचारण्याचा हक्क आपणांस आहे.

दुसरी जागा, तबकडीवरच्या जादा तबकड्या. एका मोठ्या तबकडींत तीन लहान तबकड्या आणि बाजूस दोन बटणें पाहून तरुण मंडळी भुलतात. ज्यास धांवण्याच्या शर्यतीचा काळ मोजावयाचा आहे त्यास त्या उपयोगी. इतरांस तो अजागलस्तन न्याय होय. शेळीच्या गळ्याखालीं लोंबणाऱ्या त्या मांसाच्या कांड्यांना दूध येत नाहीं. स्वस्त घड्याळांत तर त्या लहान तबकड्या नुसत्या छापलेल्याहि असतात.

तिसरी जागा, माणकें. "17 ज्यूएल्स", "21 ज्यूएल्स" असें तबकडीवर पाहून आपल्या घरांतून एके काळीं मोठा आदर उत्पन्न होत असे. हीं माणकें कृत्रिम असून शोभेचीं नव्हेत. चाकांचे पोलादी आंस झिजूं नयेत म्हणून ते या कठीण खड्याच्या खळग्यांत बसवितात. माणिक आणि नीलम हे दोन्ही एकाच खनिजाचे प्रकार. इंग्रजींतील त्याचें 'कोरंडम' हें नांव आपल्या कुरुविंदावरून आणि दक्षिणेंतील कुरुंदावरून गेलेलें आहे. घरोघर विळीला धार लावण्यास जो कुरुंदाचा दगड असे, तोच घड्याळाच्या पोटांत माणिक होऊन बसला आहे! साध्या किल्लीच्या घड्याळास 17 माणकें पुरतात. क्वार्ट्झमध्यें एकहि नसलें तरी तेवढ्यानें तें वाईट ठरत नाहीं.

चौथी जागा मुलामा. सोनेरी घड्याळाची बाहेरची डबी पितळेची अगर मिश्रधातूची असून वरचा थर कांहीं मायक्रॉनांचाच असतो. घामानें तो प्रथम पट्ट्याच्या कडेस उडतो, मग हिरवट डाग पडतात, आणि कित्येकांच्या मनगटास खाज सुटते. म्हणून झांकणावर डबी पोलादाची आहे कीं केवळ झांकणच पोलादाचें आहे, हें नीट वाचावें. पुष्कळ ठिकाणीं फक्त झांकणाचाच उल्लेख असतो. कांचेंत मात्र थोडे अधिक पैसे घालण्यास हरकत नाहीं. प्लॅस्टिकची कांच लवकर चरे धरते, पण पॉलिशनें साफ होते. साधी कांच मधली. आणि कृत्रिम नीलमाची कांच हिऱ्याखालोखाल कठीण असल्यानें तीस चरा सहसा पडत नाहीं. ती फरशीवर जोरानें आपटली तर फुटते, एवढें लक्षांत ठेवावें.

पाण्याविषयीं तर फार मोठा गैरसमज आहे. "30 मीटर" असें लिहिलेलें घड्याळ घालून तीस मीटर खोल जातां येतें, असें पुष्कळ शहाण्यासुरत्या लोकांसहि वाटतें. तो आंकडा प्रयोगशाळेंतील स्थिर दाबाचा आहे. व्यवहारांत 30 मीटर म्हणजे हात धुतांना उडालेलें पाणी, 50 म्हणजे साधें पोहणें, आणि 100 म्हणजे निर्धास्तपणा. कोंकणच्या पावसांत रोज बाहेर पडणाऱ्यानें 50 च्या खालीं जाऊं नये. कढत पाण्याच्या स्नानास मात्र कोणतेंच घड्याळ घालूं नये, कारण वाफेनें आंतील रबराचीं कडीं लवकर मरतात. आणि सेल बदलतांना हीं कडीं नीट बसलीं नाहींत तर वरचा आंकडा व्यर्थ होतो.

या साऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग एका प्रसंगीं आम्हांस झाला. आमच्या शाळेचे शिपाई तीस वर्षें घंटा देऊन निवृत्त व्हावयाचे होते. शिक्षकांनीं 9,000 रुपये जमविले, आणि सोनेरी, तीन तबकड्यांचें, ठळक परदेशी नांवाचें घड्याळ द्यावें असें बहुमतानें ठरत आलें होतें. मीं त्यांनाच विचारलें, "दादा, तुम्हांला कसलें घड्याळ उपयोगीं पडेल?" ते संकोचले, मग म्हणाले, "गुरुजी, रात्रीं दिवा न लावतां वेळ कळली म्हणजे झालें. घरांत नातवंडें निजलेलीं असतात. आणि आंकडे असे असूं द्या, कीं चष्मा शोधावा लागूं नये." यावर एका सहकाऱ्यांचें म्हणणें पडलें, कीं भेट ही भेटीसारखी दिसली पाहिजे, चार लोकांत त्यांचा मान आहे. तें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. शेवटीं 2,200 रुपयांचें, पांढऱ्या तबकडीवर बारा ठळक काळे आंकडे असलेलें, अंधारांत चमकणाऱ्या कांट्यांचें पोलादी घड्याळ घेतलें, आणि मागच्या झांकणावर शाळेचें नांव व त्यांच्या सेवेचीं वर्षें कोरून घेतलीं. बाकीचे पैसे पाकिटांत घालून त्यांना दिले. ते त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस उपयोगीं पडले.

घरांतील प्रत्येकाची गरज अशीच निरनिराळी असते. रुग्णसेवा करणाऱ्या मुलीस नाडी मोजण्यासाठीं ठळक सेकंदकांटा हवा; औषधें वेळेवर घेणाऱ्या आजींस वार आणि तारीख हवी; परीक्षार्थ्यास कांट्यांचें साधें घड्याळ हवें, आणि तेंहि चालेल कीं नाहीं हें परीक्षेचे नियम वाचून ठरवावें, कारण वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेंत तर कोणतेंच घड्याळ चालत नाहीं. जांवयास मात्र सासऱ्याच्या ऐपतीबाहेरचें घड्याळ हवें, ही गरज माझ्या कोष्टकांत बसत नाहीं. हुंडाबंदीचा कायदा 1961 सालचा. तो झाल्यालाहि साठांवर वर्षें लोटलीं.

घड्याळ घेतल्यावर त्याची परीक्षा करावी. येथें स्थालीपुलाक न्याय चालत नाहीं. एक शीत दाबून भात शिजला कीं नाहीं तें कळतें, परंतु एकाच कंपनीचीं दोन घड्याळें सारखीं चालतील असा नियम नाहीं. मोबाइलवरील वेळेशीं सेकंद जुळवून लावावें, आणि सात दिवस ठराविक वेळीं किती फरक पडला तें वहींत टिपावें. रोज दहा सेकंद मागें पडणारें किल्लीचें घड्याळ हें आज तीस पुढें व उद्यां तीस मागें जाणाऱ्यापेक्षां चांगलें. पहिल्याचा दोष नियमित असल्यानें घड्याळजी तो सहज सुधारतो. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. हमींत सेल, पट्टा आणि कांच बहुधा धरलेलीं नसतात.

जुन्या एच्. एम्. टी. घड्याळांचा सध्यां बराच व्यापार चालतो, त्यांतहि जपून राहावें. मुंबईकडून विकलीं जाणारीं पुष्कळशीं "नवीं" घड्याळें म्हणजे चार जुन्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी पुन्हां रंगवून केलेलीं असतात. कारखान्यानें कधींहि न काढलेले पोपटी व गुलाबी रंग त्यांत दिसतात. लेखणीनें ओढल्यासारखीं जाड अक्षरें आणि तबकडी जुनाट पण डबी लखलखीत, अशी जोडी दिसली कीं ओळखावें. त्यापेक्षां आपल्याच कपाटांत वडिलांचें घड्याळ पडलें असेल तें बाहेर काढावें. क्वार्ट्झ असेल तर आंतील मेलेला सेल आधीं काढून टाकावा, कारण तो पाझरला कीं यंत्र खातो. किल्लीचें असेल तर लगेच भरभर किल्ली देऊं नये. वाळलेल्या तेलावर चाकें फिरलीं कीं झिजतात. घड्याळजीकडे न्यावें, समोर उघडवावें, कोणता भाग बदलणार व किती घेणार हें कागदावर लिहून घ्यावें, आणि काढलेला जुना भाग परत मागावा.